छिन्नी आणि ओठ

मिसर हा शब्द आपल्या घरांत भूगोलाच्या पुस्तकातून आलेला नाही. तो आला धर्मशिक्षणाच्या वर्गातून, आजीच्या गोष्टींतून आणि पास्काच्या जागरणविधीतील वाचनांतून. योसेफाला त्याच्या भावांनी विकले, तो पोहोचला मिसरात. तान्ह्या मोशेला लव्हाळ्यांत ठेवले गेले, ते मिसरातल्या नदीकाठी. हेरोदाच्या तलवारीपासून बालयेशूला वाचविण्यासाठी मरिया आणि योसेफ रातोरात निघाले, तेही मिसराच्याच वाटेने. ज्या देशाला पवित्र शास्त्राने दास्याचे घर म्हटले, तोच देश प्रभूच्या बालपणाचे आश्रयस्थान झाला. त्यामुळे इजिप्तच्या सहलीला निघालेला ख्रिस्ती माणूस निव्वळ पर्यटक राहू शकत नाही. तो जिथे जाईल तिथे त्याच्या धर्मग्रंथाचे एखादे पान त्याच्या आधी जाऊन बसलेले असते.

२०२३ च्या फेब्रुवारीत, उपवासकाळ सुरू होण्यापूर्वी, वसई परिसरातील चौतीस भाविकांसमवेत मला हा देश पाहण्याचा योग आला. कैरो, तेथून लक्सर, लक्सरहून नाईल नदीतून बोटीने अस्वान, पुढे अबु सिंबेल आणि परत कैरो असा आमचा दहा दिवसांचा कार्यक्रम होता. पिरॅमिडांची भव्यता, नाईलवरचा सूर्यास्त, वाळवंटातील थंडी या साऱ्यांची वर्णने आपल्या वाचकांनी पुष्कळ वाचली आहेत, तेव्हा त्यांची पुनरुक्ती मी करणार नाही. या प्रवासात एका तरुणाने मला एक प्रश्न विचारला. त्याचे उत्तर शोधता शोधता जे दिसले आणि ऐकू आले, ते वाचकांपुढे ठेवावे एवढाच या लेखाचा हेतू आहे.

आमचा मार्गदर्शक चाळिशीतला, सावळा, मृदू बोलणारा गृहस्थ होता. सरकारी परवाना असल्याशिवाय तिथे कोणाला मार्गदर्शकाचे काम करता येत नाही. धर्माने तो मुसलमान आणि वंशाने नुबियन, म्हणजे अस्वानच्या दक्षिणेकडील नाईलकाठच्या प्राचीन लोकांपैकी. पहिल्याच दिवशी गिझाच्या पठारावर त्याची परीक्षा झाली. खुफू राजाच्या पिरॅमिडसमोर आम्ही उभे होतो. इसवी सनापूर्वी २५६० च्या सुमारास बांधलेली ही वास्तू मूळची सुमारे १४६ मीटर उंच, आणि तिच्यातील दगडांची संख्या अदमासे तेवीस लाख. आमच्यातील एका मावशींनी विचारले, "यांतला आपल्या इस्राएल लोकांनी बांधलेला कोणता?"

"कोणताच नाही," तो हसून म्हणाला. मग त्याने पठाराच्या दक्षिणेकडे बोट दाखविले. तिथे १९९० साली एका घोड्याचा पाय वाळूतल्या भिंतीला अडखळला आणि पिरॅमिड बांधणाऱ्या कामगारांची दफनभूमी उजेडात आली. त्या कामगारांच्या भट्ट्या सापडल्या, भाकऱ्यांचे साचे सापडले, मोडून नीट जुळलेली हाडे सापडली. त्यांच्यावर उपचार झाले होते, आणि आपल्या राजाच्या सावलीत पुरले जाण्याचा मानही त्यांना मिळाला होता. ते सारे या मातीतलेच लोक होते. मावशींचा चेहरा उतरलेला पाहून मी सांगितले की, निर्गमाच्या पहिल्या अध्यायात पिरॅमिडांचा उल्लेखच नाही. तिथे विटा आहेत, आणि पिथोम व रामसेस ही नगरे आहेत. मार्गदर्शक लगेच म्हणाला, "फादर, तुमचा ग्रंथ बरोबर सांगतो. चुकीचे सांगतो तो सिनेमा." त्या क्षणापासून आमची मंडळी त्याची झाली.

चौथ्या दिवशी लक्सरजवळच्या कर्नाक येथे मावशींना त्यांच्या विटा भेटल्या. आमून देवाच्या त्या अफाट मंदिरसमूहाचे पहिले प्रवेशद्वार पूर्ण झालेच नाही. ते बांधताना दगड वर चढविण्यासाठी केलेला कच्च्या विटांचा उतार आजही त्याच्या आतल्या अंगाला तसाच पडून आहे. आत एकशे चौतीस खांबांचे सभागृह आहे. मधले बारा खांब सुमारे एकवीस मीटर उंच, बाजूचे त्याहून कमी. त्या दगडी अरण्यात उभे राहिले की माणसाचा आवाज आपोआप खाली येतो. तिथल्या एका खांबापाशी मार्गदर्शकाने आम्हांला तीन चिन्हे शिकविली. राजाचे नाव ज्या लांबट वेटोळ्यात कोरतात ते कार्तुश हे पहिले. वर फासा असलेल्या क्रुसासारखे दिसणारे, 'अन्ख' नावाचे चिन्ह दुसरे; त्याचा अर्थ जीवन. तिसरे चिन्ह म्हणजे काठीला बांधलेले एक छोटेसे निशाण. त्याचा उच्चार विद्वान 'नेत्जेर' असा करतात आणि अर्थ होतो देव. "शेवटच्या दिवशी मी परीक्षा घेणार आहे," त्याने बजावले. मग प्रत्येक भिंतीवर ते निशाण शोधण्याचा छंदच आमच्या मंडळींना जडला. आमूनच्या नावापुढे निशाण, ओसायरिसच्या शेजारी निशाण, मृतांच्या प्रार्थनांत ओळीने तीन निशाणे, म्हणजे अनेक देव. त्या काळच्या माणसाला देव किती जवळचे वाटत असतील याची कल्पना त्या एका चिन्हाने आली.

दुसऱ्या दिवशी नदी ओलांडून आम्ही देर अल-बहरी येथे हत्शेप्सुतचे मंदिर पाहिले. कड्याच्या कुशीत तीन पायऱ्यांचे हे मंदिर एका स्त्रीने, फारो म्हणून राज्य करणाऱ्या राणीने, साडेतीन हजार वर्षांपूर्वी उभारले. 'देर' या अरबी शब्दाचा अर्थ मठ. मंदिरांच्या मोडकळीत पुढे कॉप्टिक, म्हणजे इजिप्तमधील ख्रिस्ती, संन्याशांनी मठ वसविला. त्यावरून हे नाव पडले. राणीची मंदिरे उरली, पण तिची चित्रे अनेक ठिकाणी छिन्नीने खरवडलेली दिसतात. मी मनातल्या मनात संन्याशांकडे संशयाने पाहू लागलो, तोच मार्गदर्शक म्हणाला, "हे ख्रिस्ती लोकांचे काम नाही. तिच्या मागून आलेल्या तिसऱ्या थुत्मोसच्या राजवटीत हे झाले." पुढे अखेनातेन राजाने एकाच सूर्यबिंबाची उपासना सुरू केली, तेव्हा त्याच्या माणसांनी देशभर आमूनचे नाव खरवडले. तो गेल्यावर इतरांनी त्याचे नाव खरवडले. "आमच्या देशात माणसाला दोनदा मारीत," मार्गदर्शक म्हणाला. "एकदा देहाने आणि एकदा नावाने." प्राचीन इजिप्तच्या श्रद्धेनुसार नाव हा माणसाचा एक अवयवच होता. नाव पुसले की परलोकात त्याला थारा नाही. नोव्हेंबर महिन्यात आपण मृतांच्या नावांच्या याद्या वेदीपाशी ठेवतो, त्यांची मला आठवण झाली. माणसाचे नाव कोणीतरी घ्यावे, ही आस फार जुनी आहे.

बोटीने अस्वानकडे जाताना कोम ओंबोजवळ मार्गदर्शक डेकवर येऊन उभा राहिला. काठापासून दूर, शेतांपलीकडे बोट दाखवून म्हणाला, "तिकडे माझ्या आईचे घर आहे. नवे गाव." जुने गाव कोणते, हे विचारायचा धीर कोणाला झाला नाही. "अबु सिंबेलला दाखवीन," एवढेच तो म्हणाला.

अस्वानला आम्ही मोटरबोटीने फिले येथील इसिस देवीच्या मंदिरात गेलो. खरे तर हे मंदिर आता फिले बेटावर नाही. १९०२ साली पूर्ण झालेल्या जुन्या धरणामुळे ते वर्षातील बराच काळ पाण्यात उभे असे. पुढे मोठे धरण झाल्यावर त्याच्या भिंतींचे दगडन् दगड क्रमांक घालून सोडविण्यात आले आणि शेजारच्या अगिल्किया बेटावर पुन्हा रचण्यात आले. १९८० साली ते काम पूर्ण झाले. चहूबाजूंनी निळे पाणी, बोगनवेल आणि मधाच्या रंगाचे दगड. आमच्या मंडळींनी त्याला एकमताने सर्वांत सुंदर मंदिर ठरविले.

पण जवळ गेल्यावर मन थबकते. ओळीने उभ्या असलेल्या देवदेवतांच्या आकृतींना चेहरे नाहीत. हात नाहीत, पाय नाहीत. बाह्यरेषेच्या आत, अगदी रेषेला धरून, छिन्नीचे बारीक बारीक घाव घातले आहेत. हे रागाच्या भरात केलेले काम नव्हे. शिडी लावून, दिवसचे दिवस, सावकाश आणि शिस्तीने ते केलेले आहे. आतल्या सभागृहात खांबांवर आणि दारांवर समान भुजांचे सुरेख क्रूस कोरलेले आहेत आणि एका बाजूला दगडी वेदी उभी आहे. सहाव्या शतकात सम्राट जस्टिनियनच्या आज्ञेने येथील पूजा बंद झाली आणि बिशप थिओडोर यांनी या सभागृहाचे संत स्तेफनच्या नावाने चर्च केले. क्रुसाचा विजय झाल्याची ग्वाही देणारे ग्रीक लेखही त्यांच्या काळात येथे कोरले गेले.

मावशींनी त्यातल्या एका क्रुसाला हात लावून तो ओठांना टेकविला. तिथे भिंतींना स्पर्श करण्यास मनाई आहे. मार्गदर्शकाने तेवढ्यापुरते नदीकडे पाहिले. आणि त्याच वेळी, आईवडिलांबरोबर आलेल्या, अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या एका तरुणाने मला विचारले, "फादर, हे चेहरे आपल्याच लोकांनी तोडले ना? मग उद्या कोणी आपल्या चर्चवर हात टाकला, तर आपण कोणत्या तोंडाने तक्रार करायची?"

त्याचा आवाज उद्धट नव्हता. त्याला खरोखरच वाईट वाटले होते. वसईत वाढलेल्या मुलाच्या मनात असा प्रश्न उगवणे स्वाभाविक आहे. वसईच्या किल्ल्यातील छप्पर हरपलेली चर्चेस त्याने लहानपणापासून पाहिली आहेत. १७३९ च्या युद्धानंतर ती हळूहळू ओस पडली. आणि त्याआधी पोर्तुगीज अमलात देवळे पाडली गेली, हेही त्याने वाचले आहे. मी म्हणालो, "होय बाळा, आपल्याच लोकांनी तोडले." त्याहून अधिक काही बोलण्याची ती जागा नव्हती, आणि मार्गदर्शकाच्या समोर सबबी सांगण्याची तर मुळीच नव्हती.

पण त्या घावांसमोर मी बराच वेळ उभा राहिलो. सेमिनरीत आम्ही ख्रिस्तसभेचा इतिहास शिकलो तो हुतात्म्यांपासून. इजिप्तमधील ख्रिस्ती लोकांनी इतके रक्त सांडले की त्यांची कालगणना आजही इसवी सन २८४ पासून, म्हणजे डायोक्लेशियन गादीवर आला त्या वर्षापासून होते. तिला ते हुतात्म्यांचा शक म्हणतात. डायोक्लेशियनचा छळ ३०३ साली सुरू झाला. ३९१ साली, म्हणजे शतक उलटण्याच्या आत, त्याच समाजाने अलेक्झांड्रियातील सेरापिस देवाचे भव्य मंदिर उद्ध्वस्त केले. ज्यांच्या आजोबांनी तलवार सोसली, त्या नातवांच्या हाती छिन्नी आली. त्यामागे भीती असावी असे मला वाटते. या दगडी डोळ्यांत दुष्ट आत्मे वसतात, हाताला सामर्थ्य आहे, पायाला गती आहे, असे ते मानीत. म्हणून चेहरा, हात आणि पाय. ज्या मूर्तीत काहीच नाही अशी माणसाची खात्री असते, तिच्यावर तो दिवसचे दिवस छिन्नी चालवीत नाही. यातून त्यांचे मन कळते, एवढेच. घाव त्यामुळे भरून येत नाहीत.

तिथून निघताना मार्गदर्शकाने आम्हांला हेड्रियन सम्राटाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या दरवाजापाशी नेले. तिथे एका देवाच्या चित्राशेजारी वेड्यावाकड्या अक्षरांत कोरलेल्या काही ओळी आहेत. एस्मेत-अखोम नावाच्या इसिसच्या पुजाऱ्याने त्या २४ ऑगस्ट ३९४ रोजी कोरल्या. आपली अक्षरे अनंतकाळ राहावीत असा त्याचा भाव आहे. आज ज्ञात असलेला चित्रलिपीतील हा शेवटचा लेख. तीन हजार वर्षांहून अधिक काळ चाललेली एक लेखनपरंपरा या ओळींपाशी येऊन थांबते. मी स्वतः एका वेदीचा सेवक आहे. ज्या पुजाऱ्याच्या मागे त्याची अक्षरे वाचणारा कोणी उरणार नव्हता, त्याच्या हस्ताक्षरासमोर मला फार एकाकी वाटले. आमची श्रद्धा वेगळी, आमचा देव वेगळा. पण जे आपल्या हाती सोपविले ते पुढच्या हाती द्यावे, ही तळमळ मला परकी नव्हती.

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या अंधारात निघून, वाळवंटातून जवळजवळ तीनशे किलोमीटर प्रवास करून आम्ही अबु सिंबेलला पोहोचलो. डोंगरात कोरलेले मंदिर आणि त्याच्या दारी सुमारे वीस मीटर उंचीच्या दुसऱ्या रामसेसच्या चार बैठ्या मूर्ती. धरणाच्या जलाशयात हे मंदिर बुडणार म्हणून युनेस्कोने १९६० साली जगाला हाक दिली. १९६४ ते १९६८ या काळात मंदिराचे हजाराहून अधिक तुकडे करून ते पासष्ट मीटर उंचावर आणि सुमारे दोनशे मीटर मागे पुन्हा उभारले गेले. हे सारे सांगून झाल्यावर मार्गदर्शक आम्हांला पाण्याच्या कडेला घेऊन गेला. "माझ्या आजोबांचे गाव इथे खाली आहे," तो म्हणाला. इजिप्तमधील सुमारे पन्नास हजार नुबियन लोकांना १९६३-६४ मध्ये कोम ओंबोकडे हलविण्यात आले. "देवांना नवे घर मिळाले, माणसांनाही मिळाले. फरक इतकाच की, देवांना ते नदीकाठी मिळाले."

मग त्याने जे सांगितले त्याची मला अपेक्षा नव्हती. नुबियन लोक सहाव्या शतकापासून सुमारे नऊशे वर्षे ख्रिस्ती होते. त्यांची भाषा प्रथम नीट लिहिली गेली ती त्या काळात, कॉप्टिक अक्षरे घेऊन. जुन्या नुबियन भाषेतले जे लेखन आज हाती आहे त्यात शुभवर्तमानाचे भाग आहेत, प्रार्थना आहेत, संतांच्या कथा आहेत. "आज माझी मुले कैरोत शाळेत जातात. घरातही अरबीच बोलतात. माझ्या आईची भाषा लिहिलेली पाहायची, तर मला तुमच्या प्रार्थनांकडे जावे लागते, फादर." हे बोलताना तो त्या तरुणाकडे पाहत होता. फिले येथील प्रश्न त्याने ऐकला होता. याच जलाशयाच्या काठी वादी एस-सेबुआ येथे रामसेसचे आणखी एक मंदिर आहे. ख्रिस्ती लोकांनी त्याच्या गाभाऱ्यात गिलावा करून त्यावर हातात किल्ली घेतलेल्या संत पेत्राचे चित्र रंगविले. पुढे बाजूचा गिलावा गळून पडला, आणि आता रामसेस राजा दोन्ही बाजूंनी संत पेत्राला फुले अर्पण करीत असल्याचे दिसते, असे त्याने हसत हसत सांगितले. ज्या गिलाव्याने देवाला झाकले, त्याच गिलाव्याने त्याला वाचविलेही.

आत शिरल्यावर त्याने एका कार्तुशावर विजेरीचा झोत टाकला आणि एका फ्रेंच तरुणाची कथा सांगितली. १७९९ साली सापडलेल्या रोझेटा शिलेवर इसवी सनापूर्वी १९६ मधील एक फर्मान तीन लिपींत कोरलेले आहे. वर चित्रलिपी, मध्ये तिचेच व्यवहारातले धावते रूप, खाली ग्रीक. ग्रीक वाचता येत होते, तरी चित्रलिपीचे कुलूप वीस वर्षांहून अधिक काळ उघडले नाही. जाँ-फ्रान्स्वा शांपोलियॉनपाशी इतरांहून अधिक काही असेल, तर ते कॉप्टिक भाषेचे प्रभुत्व. कॉप्टिक म्हणजे फारोंच्या प्रजेच्या बोलीचेच शेवटचे रूप. ख्रिस्ती लोकांनी ती ग्रीक अक्षरांत लिहिली आणि ग्रीकमध्ये नसलेल्या ध्वनींसाठी सहा-सात चिन्हे जुन्या लिपीतून घेतली. रोजच्या बोलण्यातून ती काही शतकांपूर्वी लोपली, पण वेदीवर टिकून राहिली. अथानासिउस किर्खर या जर्मन येशूसंघीय धर्मगुरूने सतराव्या शतकात कॉप्टिकवर ग्रंथ प्रसिद्ध करून ती प्राचीन इजिप्तच्या भाषेची वंशज असल्याचे प्रतिपादन केले होते. त्याने लावलेले चित्रलिपीचे अर्थ पुढे साफ चुकीचे ठरले. भाषेविषयीचे त्याचे म्हणणे मात्र खरे निघाले. शांपोलियॉन पॅरिसमध्ये एका कॉप्टिक धर्मगुरूकडे ही भाषा शिकला. १८२२ साली अबु सिंबेल येथील लेखांच्या प्रती त्याच्या हाती आल्या. त्यांतील एका कार्तुशात प्रथम सूर्याचे गोल बिंब होते. कॉप्टिकमध्ये सूर्याला 'रे' म्हणतात. शेवटी 'स' हे अक्षर दोनदा होते. मधले चिन्ह त्याने 'मिसे' या, जन्म देणे असा अर्थ असलेल्या कॉप्टिक शब्दाशी जोडले. रे-मेस-स: सूर्यदेवाने ज्याला जन्म दिला तो रामसेस. मोशे या नावाच्या मुळाशीही हाच धातू असावा असे अनेक विद्वान मानतात. त्याच वर्षी २७ सप्टेंबर रोजी शांपोलियॉनने आपला शोध पॅरिसच्या विद्वत्सभेत मांडला. एस्मेत-अखोमच्या शेवटच्या ओळीपासून चौदाशे अठ्ठावीस वर्षांनी ते दगड पुन्हा बोलू लागले.

झोत विझला आणि आम्ही बाहेर आलो. तो तरुण माझ्या शेजारून चालत होता. "म्हणजे फादर, ज्यांनी चेहरे तोडले त्यांच्याच वंशजांनी भाषा राखली?" तो म्हणाला. मी मान हलविली. भाषा राखावी म्हणून त्यांनी काही केले नव्हते. ते आपली प्रार्थना करीत होते. छळात, दारिद्र्यात, अर्थ विसरत चालला तरी, आईबापांनी शिकविलेले शब्द ते वेदीपाशी उच्चारीत राहिले.

सहलीचा शेवटचा दिवस रविवार होता. हॉटेलातील एका खोलीत आमची मराठी मिस्सा झाली आणि मग आम्ही जुन्या कैरोतील कॉप्टिक वस्तीत गेलो. पवित्र कुटुंब जिथे विसावले अशी परंपरा आहे ते संत सर्जियस आणि बाकुस यांचे चर्च तिथेच आहे. शेजारी, रोमन किल्ल्याच्या दरवाजावर उभारलेले 'अल्-मुअल्लका' म्हणजे लोंबते चर्च. रस्त्याच्या तोंडाशी सशस्त्र पोलीस उभे होते. २०१५ साली लिबियाच्या किनाऱ्यावर ज्या एकवीस ख्रिस्ती कामगारांचे शिर कापले गेले, त्यांपैकी वीसजण या समाजाचे होते, आणि अखेरच्या क्षणी त्यांच्या ओठांवर येशूचे नाव होते. २०१७ च्या झावळ्यांच्या रविवारी त्यांच्या दोन चर्चेसवर बॉम्बहल्ले झाले. पोलीस का उभे होते, हे कोणाला सांगावे लागले नाही.

आत उपासना चालू होती. झांजा आणि त्रिकोणाच्या मंद ठेक्यावर गायन चालले होते. बहुतेक विधी अरबीत असतो, अधूनमधून कॉप्टिक. माझ्या शेजारी बसलेल्या वृद्धेच्या मनगटावर निळ्या गोंदणाचा लहानसा क्रूस होता. मार्गदर्शक आमच्याबरोबर आत आला आणि मागच्या बाकावर बसला. गायन एकदा अरबीवरून कॉप्टिककडे वळले आणि धर्मगुरूच्या तोंडून एक शब्द स्पष्ट ऐकू आला: नूती. मी मागे वळून पाहिले. मार्गदर्शकाने एक बोट वर केले आणि त्यापुढे तळहात आडवा धरला. काठी आणि निशाण. कर्नाकच्या खांबावर आमूनसाठी कोरलेला 'नेत्जेर', तोच झिजत झिजत, चार हजारांहून अधिक वर्षे तोंडातोंडांतून प्रवास करीत, 'नूती' होऊन आपल्या स्वर्गीय पित्याचे नाव झाला होता. तसाच जीवनवाचक 'अन्ख' कॉप्टिकमध्ये 'ओन्ख' होऊन राहिला आहे, आणि त्याचा आकार सुरुवातीच्या ख्रिस्ती लोकांनी क्रूस म्हणून आपल्या थडग्यांवर कोरला. आमच्या चौतीस जणांतून त्या तरुणानेच परीक्षेचे उत्तर ओळखले. त्याने डोळ्यांनीच मला तसे सांगितले.

फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ साली क्रिस्तपुराण प्रसिद्ध केले, तेव्हा त्यांच्यापुढेही हाच प्रश्न उभा असला पाहिजे. या भूमीत देवासाठी, स्वर्गासाठी जे शब्द आहेत, ते आधी इतर देवांसाठी उच्चारले गेले आहेत. ते घ्यावेत की टाकावेत? त्यांनी ते घेतले. स्वर्गाला वैकुंठ म्हणतानाही त्यांनी मागेपुढे पाहिले नाही. पुढे १६८४ साली गोव्यातील पोर्तुगीज व्हाइसरॉयने स्थानिक लोकांची भाषाच बंद पाडण्याचा हुकूम काढला. छिन्नी आणि ओठ, दोन्ही आपल्याही इतिहासात आहेत. माझ्या आजीने आयुष्यभर लॅटिन मिस्सा ऐकली. मी वेदीवर मराठीत 'देवा' म्हणतो. तो शब्द माझ्या आधी किती ओठांवरून, किती वेदनांमधून आणि कोणाकोणाला उद्देशून उच्चारला गेला असेल!

परतीच्या विमानात तो तरुण माझ्याजवळ येऊन बसला. त्याला द्यायचे उत्तर तोवर माझ्या मनात आकाराला आले होते, आणि तेच मी त्याला सांगितले. कोणत्या तोंडाने तक्रार करायची, असे तू विचारलेस. खरे बोलणाऱ्या तोंडाने. फिलेचे घाव आपले आहेत, हे ज्याला म्हणता येते, त्यालाच आपल्या वेदीवरचा घाव दाखविण्याचा अधिकार राहतो. आणि तो घाव दाखवितानाही, दुसऱ्याच्या गाभाऱ्यात जे पवित्र मानले जाते त्याच्यापुढे आवाज खाली आणायला शिकले पाहिजे. कारण आपण प्रार्थनेत जे शब्द उच्चारतो, ते त्यांच्याच पूर्वजांनी आपल्यापर्यंत आणून दिलेले असतात. तो काही वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "फादर, घरी आजी कादोडी बोलते. मला कळते, पण बोलता येत नाही."

"मग तिच्याकडून आमच्या बापाची प्रार्थना तिच्या बोलीत शिकून घे," मी म्हणालो. "आणि रोज म्हण."